उजवीकडची जागा

जीपमधली उजवीकडची जागा माझी होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कुणाच्या नावाने आणि का जळफळले ते वेगळं समजावत बसायला नको.

ती जीप लष्कराच्या लिलावातली. लढाई संपल्यावर अमेरिकन लोक ज्या गाड्या इथे टाकून गेले, त्यातली एक अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उचलली होती. चारही चाकांना जोर पुरवणारी, वर ताडपत्री, दारं नाहीतच, आणि स्टिअरिंग डाव्या बाजूला. आपल्याकडे गाड्या चालतात रस्त्याच्या डावीकडून. चालवणाराही डावीकडेच बसलेला असला, की पुढच्या बसची पाठ सोडून त्याला दुसरं काही दिसत नाही. समोरून कोण येतंय ते दिसतं ते उजवीकडे बसलेल्या माणसाला. त्यामुळे अण्णा पुढच्या गाडीच्या मागे येऊन विचारायचे, "जाऊ का?" मी मान बाहेर काढून बघायची आणि म्हणायची, "जा." गाडी पार झाली की ते माझ्याकडे वळून म्हणायचे, "शाब्बास." त्या एका शब्दासाठी मी उन्हातान्हात, धुळीत, केसांचा पार झाडू होईपर्यंत त्या जागेवर बसलेली आहे.

आम्ही मूळचे बेळगावकडचे, पण माझं सगळं शिक्षण बंगळूरात झालं. घर मल्लेश्वरमला. मी तिथल्याच एका मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. लग्न व्हायचं होतं, आणि ते होत नव्हतं, याची काळजी सगळ्यांना होती, मला सोडून. अण्णांची उमर रस्त्यांच्या कामावर ओव्हरसियर म्हणून गेलेली. पेन्शनीत निघाल्यावर ते तुमकूर रोडवरच्या एका खडीच्या खाणीवर देखरेखीला जात. सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर. माझा थोरला भाऊ सरकारी कारखान्यात इंजिनिअर होता, पण जीपशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. तो आपला कारखान्याच्या बसने जायचा आणि पेपर वाचत यायचा. जीप अण्णांची आणि माझी.

आणि नुसती रस्ता बघायलाच मी लागत होते असं नाही. आयुष्यभर सुरुंगांच्या शेजारी उभं राहून अण्णांचे कान गेले होते. पार बहिरे नव्हते. जाड, खालच्या पट्टीतला आवाज त्यांना नीट ऐकू यायचा. बारीक, उंच आवाज मात्र त्यांच्यापर्यंत पोचतच नसे. कुकरची शिट्टी नाही, आईची हाक नाही, पाखरं तर नाहीतच. माझा आवाज मुळात जाडा. नातेवाइकांत त्यावरून माझी चेष्टा व्हायची, पण घरातल्या बायकांत माझा एकटीचाच आवाज अण्णांना हाक मारल्याबरोबर कळायचा. बायकांना काय काय गोष्टींचा गर्व असतो. मला माझ्या घोगऱ्या आवाजाचा होता.

जीप जुनी, म्हणजे ती रोज काहीतरी बोलणार. ते ऐकायचं काम माझं. अण्णांची त्यासाठी ठरलेली पद्धत होती. फाटकाशी गाडी उभी करायची, इंजिन चालू, गिअर न्यूट्रलला. क्लचचं पेडल वर असताना इंजिन गिअरबॉक्सला आपल्याबरोबर फिरवत असतं. पेडल खाली दाबलं, की दोघांची गाठ सुटते आणि गिअरबॉक्स थांबतो. मग पेडल वर असताना आवाज आहे आणि दाबल्यावर गप्प झाला, तर दुखणं गिअरबॉक्सचं. आणि वर असताना गप्प पण दाबल्यावर कुरकूर, तर दुखणं क्लचच्या बेअरिंगचं. अण्णा पाय तळाला टेकवायचे आणि हनुवटी उचलायचे. तो मला इशारा. मी म्हणायची "आहे" किंवा "नाही". सुरुवातीला मी मध्येच बडबडायची, आत्ता वाढला, आत्ता बदलला. एकदा ते चिडून म्हणाले, पाय खाली टेकला की बोल, मध्ये मध्ये नको. तेव्हापासून मी हनुवटीची वाट बघायची. वर्षानुवर्षं आमचं असं चाललं होतं आणि आम्ही कधी चुकलो नव्हतो.

मग वहिनी आली.

भावाचं लग्न धारवाडच्या मुलीशी झालं. वहिनी माझ्याच वयाची, सडपातळ, गोरी, आणि गाणं शिकलेली. आली ती तंबोरा घेऊन. पहिल्याच आठवड्यात आमच्या घराला कळलं की आपल्याकडे कान नावाची वस्तू आली आहे. दूध उतू जायच्या आधी ती माजघरातून उठायची, कारण म्हणे दुधाचा आवाज बदलतो. शेजारच्यांच्या मोरीतला नळ टपकतोय हे तिने आमच्या स्वयंपाकघरातून सांगितलं, आणि तो खरंच टपकत होता. आई तर हरखूनच गेली. इतकी वर्षं मला अक्का म्हणणारी भाजीवाली आता टोपली उतरवता उतरवता विचारायची, नवी अक्का कुठे आहे. कन्नडही बाईसाहेबांचं फर्डं. मी "स्वल्प कमी करा" म्हणायची तर भाजीवाली हसायची. वहिनी काय म्हणायची कोण जाणे, तिला कोथिंबीर वर मिळायची.

आणि तिला वाईट म्हणावं तर तीही सोय नाही. कामाला वाघ, बोलायला गोड, मला "वन्सं, वन्सं" करून माझ्या मागे मागे. एखादी व्यक्ती डोळ्यात खुपावी आणि तिच्यात खुपण्यासारखं एक कुसळ सापडू नये, याच्याइतका छळ नाही. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा आणि तो मला एकटीलाच खावा लागायचा.

एकच समाधान होतं. अण्णा आणि वहिनी एकमेकांशी बोलत नसत. आमच्या घराची ती रीत होती. सुनेने सासऱ्यांसमोर बसायचं नाही, आवाज चढवायचा नाही, तोंडाकडे बघायचं नाही. आईने ती रीत स्वतः पाळली होती, म्हणून सुनेनेही पाळावी असं तिला वाटे, बंगळूर असो की बेळगाव. वहिनीला काही सांगायचं असलं तर ती मला सांगणार, मी अण्णांना. आणि समजा रीत नसती, तरी काय? तिचा आवाज तारेसारखा बारीक. अण्णांना तो आलाच नसता. मला याचं बरं वाटायचं. सरळ सांगते, फार बरं वाटायचं.

जीपचा तो आवाज पावसाळ्यानंतर सुरू झाला. गाडी उभी असताना खळखळ, पितळी वाटीत सुपारी फिरवावी तशी. अण्णांना तो ऐकू येत नव्हता, पण मी सांगितलं तेव्हा त्यांनी फाटकाशी नेहमीची परीक्षा घेतली. पेडल वर. आहे, मी म्हटलं. पाय तळाला, हनुवटी वर. नाही, मी म्हटलं. त्यांनी पुन्हा एकदा केलं, पुन्हा तेच. मग त्यांनी इंजिन बंद केलं.

गिअरबॉक्स, ते म्हणाले. आतलं बेअरिंग. त्या जुन्या अमेरिकन गिअरबॉक्सचं सामान तेव्हा मिळत नव्हतं, आणि तो उतरवून उघडणं आता त्यांच्या कमरेला झेपणारं नव्हतं. दुसऱ्याच्या हातात ते देणार नाहीत हे मला ठाऊक होतं. सकलेशपूरकडचा एक कॉफीमळेवाला त्या जीपच्या मागे कधीपासून लागलेला होता, आहे तशी नेतो म्हणायचा. दिवाळी झाली की त्याला बोलावून घेऊ, अण्णा म्हणाले, आणि आत जाऊन पाय धुतले.

मला रडू कोसळलं ते मी मोरीत जाऊन रडले. जीप गेली म्हणजे माझी जागा गेली. अण्णा घरात आरामखुर्चीत बसणार, आणि घरात माझी काय जागा? वय उलटत चाललेली, लग्न न जमलेली मुलगी. घरात वहिनीचं राज्य होतं. मला रस्त्यावरचं तेवढं एक फूटभर राज्य होतं, तेही चाललं.

दिवाळीचं कापड आणायला आम्ही चिकपेटला गेलो तेव्हा जीप अजून दारात होती. अण्णा, मी पुढे, आणि मागच्या फळीवर आई आणि वहिनी. चिकपेटच्या गल्लीत तेव्हाही माणसांतून गाडी नेणं म्हणजे डोक्याला ताप. हातगाड्या, हमाल, कापडाचे गठ्ठे. अण्णा मुंगीच्या पावलाने चालले होते, आणि मी उजवीकडून "थांबा", "चला" करत होते. खळखळ कधी यायची, कधी जायची. माझं तिकडे लक्ष नव्हतं. माझे डोळे रस्त्यावर होते, ते तसेच असायला हवे होते.

घरी आल्यावर मी मागच्या पडवीत पायावर पाणी घेत होते. वहिनी माझ्या मागे येऊन उभी राहिली. तिला काही सांगायचं असलं की ती आधी पदर खांद्यावर नीट घ्यायची, तसा घेतला.

"वन्सं," ती म्हणाली, "तो आवाज पेडल दाबल्यावर जात नाही. त्याच्या आधीच जातो. मामंजींचा पाय नुसता टेकला, की गेला."

मी म्हटलं, तुला काय माहीत पाय कधी टेकला ते. तर म्हणाली, मी पायच बघत होते. मान खाली घालून बसायचं, मग दुसरं काय दिसणार. गर्दीत मामंजींनी पाय पेडलवर नुसता ठेवलेला होता, गाडी तर पुढे जात होती, आणि त्या वेळी आवाज नव्हता. पाय उचलला की पुन्हा यायचा. बरोबर समेवर, म्हणाली. हे तिचं गाण्यातलं.

मी इतकी वर्षं त्या माणसाच्या शेजारी बसलेली, आणि त्यांचा पाय मी कधी बघितला नव्हता. मी रस्ता बघायची, नाहीतर हनुवटी. ही बया सासऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही म्हणून पायाकडे बघत बसली, आणि तिला ते दिसलं. ती बोलत होती आणि माझ्या मनात एकच, की हिने जीपमध्येसुद्धा हात घातला.

पण ती म्हणत होती त्याचा अर्थ मला कळत होता. नुसता पाय टेकला तर गाठ सुटलेली नसते. गिअरबॉक्स फिरतच असतो. तो फिरतोय आणि आवाज नाही, तर आवाज त्याचा कसा असेल? मग गिअरबॉक्स धडधाकट. मग जीप विकायला नको.

आता माझी पंचाईत बघा. हे अण्णांना सांगितलं, तर जीप राहील, पण ती वहिनीने राखलेली जीप होईल. नाही सांगितलं, तर जीप सकलेशपूरला जाईल. वहिनी स्वतः सांगू शकत नव्हती. रीत होती, आणि रीत नसती तरी तो बारीक गळा होता. सगळं माझ्या तोंडावर येऊन थांबलेलं. आणि ती माझ्याकडे बघत उभी, तिच्या मनात पाप म्हणून नाही. म्हणाली, तुम्ही सांगा ना, तुमचं ऐकतात ते. माझं ऐकतात! मला ते असं लागलं की काय सांगू.

मी तशीच ओल्या पायांनी पुढे गेले आणि जेवायला बसलेल्या अण्णांच्या कानाशी ओरडून सांगितलं. गोड शब्दांत नाही सांगितलं. म्हटलं, तुमच्या सुनेचं म्हणणं आहे की आपण दोघं इतकी वर्षं शेणच खात होतो. आई आतून म्हणाली, काय ही भाषा. अण्णांनी मात्र भाषेकडे लक्ष दिलं नाही. पाय टेकल्या टेकल्या जातो? त्यांनी मला पुन्हा विचारलं, आणि मी हो म्हटल्यावर ते जेवणाचं पान तसंच ठेवून फाटकाकडे निघाले. जाता जाता म्हणाले, तिला बोलाव.

आईने बराच गोंधळ घातला. सून जीपमध्ये सासऱ्याच्या शेजारी बसणार, भर दिवसा, रस्त्यावर, समोरच्या घरातली माणसं गॅलरीत उभी. पण अण्णा जीपमध्ये बसले होते आणि त्यांना आईचं काही ऐकूच येत नव्हतं. शेवटी वहिनी गेली. पदर डोक्यावरून घेऊन, अंग चोरून, उजवीकडच्या जागेवर बसली. माझ्या जागेवर. गादीला माझ्या बैठकीचा खळगा पडलेला होता, तो तिने अर्धासुद्धा भरला नाही. मी मागे चढून दोघांच्या मध्ये वाकून उभी राहिले, निरोप्यासारखी.

अण्णांनी इंजिन सुरू केलं आणि पाय फार सावकाश, तसूतसूने पेडलवर आणला. वहिनी मान खाली घालून पायाकडे बघत होती. तिने बोट माझ्या मनगटावर टेकवलं. मी म्हटलं, "गेला." अण्णांनी पाय उचलला. बोट उचललं गेलं. मी म्हटलं, "आला." किती वेळा झालं कोण जाणे. ते बोट थंडगार होतं आणि ते कधीच चुकत नव्हतं. आणि एकदा मला वाटलं की मलाही ऐकू आलं, पाय टेकतानाची ती शांतता. इतकी उघड होती ती. मी कुणीतरी हनुवटी उचलायची वाट बघत बसले नसते, तर मला पहिल्याच दिवशी कळली असती.

मग अण्णांनी चाकांना दगड लावले, पोतं अंथरलं आणि जीपखाली शिरले. क्लचचा जो दांडा गिअरबॉक्सच्या कुशीतून बाहेर येतो, त्याला मागे ओढून धरणारी एक स्प्रिंग असते. ती तुटून लोंबत होती. दांडा मोकळा पडला, की इंजिनाच्या कंपाने क्लचचं बेअरिंग त्याच्याबरोबर खळखळ वाजणार. पाय टेकला, की दांडा ताणला जाणार आणि सगळं गप्प. त्यांनी खालून दांडा हाताने धरला आणि ओरडले, गेला का? बोट. गेला, मी ओरडले. त्यांनी सोडला. बोट उठलं. आला. जीपखालून त्यांचं हसणं ऐकू आलं. मी त्यांना तसं हसताना फार दिवसांत ऐकलं नव्हतं, आणि त्या हसण्यात माझा वाटा नुसता घशाचा होता.

स्प्रिंग चिकपेटच्याच एका हार्डवेअरच्या दुकानात मिळाली, दुसऱ्याच कशाची तरी होती, अण्णांनी वाकवून बसवली. मळेवाल्याला नकार गेला. दिवाळीत अण्णांनी घरी आलेल्या प्रत्येकाला ही गोष्ट सांगितली. सांगताना हात वर करून म्हणायचे, कान कसा असावा, तर आमच्या सूनबाईसारखा. वहिनी लाडू वाढता वाढता लाजून आत जायची. मी तिथेच बसलेली असायची. चिवडा कडू झाला होता की माझंच तोंड, कळत नव्हतं. भाऊसुद्धा, ज्याला क्लच कुठे असतो हेही धड सांगता आलं नसतं, छाती काढून हिंडत होता.

मी म्हणत होते, झालं ते झालं. जीप राहिली ना. येत्या रविवारी खाणीवर जायचं आहे, मी माझ्या जागेवर बसेन, आणि ही राहील घरात तंबोरा लावत.

रविवारी सकाळी मी पदर खोचून फाटकाशी गेले, तर अण्णा म्हणाले, आज तू मागे बस. सूनबाईला पुढे बसू दे. चालत्या गाडीत आवाज परत येतो का, ते तिला कळेल. भाऊपण चालला होता, त्यालाही मागे बसायचं होतं. अण्णा हे अगदी सहज बोलले. त्यात काही वावगं आहे हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं, आणि तेच जास्त झोंबलं. आईने या वेळी काही म्हटलं नाही. सुनेचं कौतुक चाललं होतं ना, मग रीत गेली कुठल्या कुठे.

मी मागच्या फळीवर बसले. तिथून काय दिसतं हे मला त्या दिवशी कळलं. पुढच्या दोन पाठी, ताडपत्रीची दोरी, आणि मागे पळणारा रस्ता. समोरचं काही म्हणजे काही नाही. यशवंतपूर गेलं, पुढे तुमकूर रोड मोकळा लागला, आणि मी मागे पळणाऱ्या झाडांकडे बघत मनात त्या पाठीला, त्या वेणीला, त्या अबोलीच्या गजऱ्याला काय काय म्हटलं असेल ते इथे लिहिण्यासारखं नाही. भाऊ शेजारी डुलक्या घेत होता.

मग गाडी हळू झाली. पुढे बस असणार. धुराचा वास आला. अण्णा डावीकडून जरा बाहेर वाकून बघत होते, आणि ते नेहमीच्या स्वरात म्हणाले,

"जाऊ का?"

वहिनीने मान बाहेर काढली. ती काहीतरी म्हणालीही. मला ऐकू आलं, "जा मामंजी," असं. पण त्या इंजिनाच्या घरघरीत तो बारीक आवाज त्यांच्यापर्यंत कुठला पोचायला. त्यांनी पुन्हा विचारलं, जाऊ का? ती पुन्हा म्हणाली. अण्णा बसच्या मागे तसेच रेंगाळत राहिले. मी मागे बसले होते. मला रस्ता दिसत नव्हता, आणि न दिसता मी जा म्हणणार नव्हते. मनातून म्हणत होते, बसा आता, बसा त्या धुरात.

तेवढ्यात दोन पाठींच्या मधून एक हात मागे आला. न बघता, चाचपत. त्याने माझा गुडघा शोधला आणि वर एक बोट टेकवलं. तेच थंड बोट.

मी ओरडले, "जा, अण्णा!"

त्यांनी गिअर बदलला, जीप उजवीकडे निघाली, बसच्या खिडक्या एकेक करून मागे गेल्या. कुठे खळखळ नाही, काही नाही. पुढे मोकळा रस्ता लागला. अण्णांनी मान वळवली आणि म्हणाले, "शाब्बास."

उजवीकडच्या जागेकडे बघून म्हणाले. आवाज माझा होता. माझा आवाज त्यांनी हजारात ओळखला असता, पण त्या जागेवरून जो जा म्हणतो त्याला शाब्बास म्हणायचं, इतकी सवय झालेली होती मानेला.

वहिनी अशी गोरीमोरी झाली. आणि मग जिने आजवर सासऱ्यांसमोर आवाज चढवला नव्हता, ती त्यांच्या तोंडाकडे बघून, गळ्याच्या शिरा ताणून ओरडली, "मी नाही मामंजी, वन्सं म्हणाल्या! वन्संना म्हणा!"

भाऊ दचकून जागा झाला. अण्णांना काही कळलं नाही. सुनेचे ओठ हलताना मात्र त्यांनी बघितले होते. त्यांनी गाडी जरा हळू केली आणि मान माझ्याकडे वळवून विचारलं, काय म्हणते ती?

मला सांगता आलं असतं. तेवढं एक वाक्य, माझ्याच आवाजात, आणि ती शाब्बासकी मागच्या फळीवर आली असती. पण तिच्या हातून मिळालेली मला नको होती.

"काही नाही म्हणते," मी म्हटलं. "पुढे बघून चालवा."

ते पुढे बघू लागले. वहिनी वळून माझ्याकडे बघत राहिली. तिचा हात अजून माझ्या गुडघ्यावर होता, आणि मी तो काढला नाही.